पाठ असलेला उजेड

मंगळवार, ४ मार्च

माफी मागायची आहे, पण वहीची मागू की स्वतःची, हे ठरत नाही. शेवटची नोंद ऑगस्टमधली: "आजपासून रोज निदान पाच ओळी." त्याखाली त्या पाच ओळीही नाहीत.

आज लिहायला बसले, कारण परवा मी सरांचा डोळा फोडला. हा प्रसंग मी आतापर्यंत सात जणांना सांगितला आणि प्रत्येक वेळी शटल आधीपेक्षा थोडं हळू आलं. ते हवेत थांबायच्या आत सगळं खरं खरं लिहून ठेवते.

सर म्हणजे आमच्या नेत्रविभागाचे प्रमुख. वय चौसष्ट. छिन्नीचा कपचा, ग्राइंडरची कणी, फुटलेली बाटली, असं काहीही डोळ्यात गेलं की माणूस आमच्याकडे येतो, आणि आमच्याकडच्या प्रत्येकाला सरांनी शिकवलेलं आहे. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं आहे. टाका घालण्याआधी मी दोनदा विचार करते आणि घातल्यावर तीनदा, म्हणून ते मला शंकासुर म्हणतात.

रविवारी सकाळी कर्मचाऱ्यांचे बॅडमिंटनचे सामने होते. चौदा-बारा. मी मारलं आणि शटल थेट सरांच्या उजव्या डोळ्यावर गेलं. त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बावीस वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीनं झालेलं, म्हणजे लांब काप. तो कापच उसवला.

सर खाली बसले आणि म्हणाले, "पॉइंट कुणाचा?"

कंपाउंडर बर्फ घेऊन धावला. "लावलास तर बदली करीन तुझी!" सर ओरडले. मग माझ्याकडे तोंड करून, "शंकासुर, अशा डोळ्याला काय करायचं नाही?"

"दाबायचं नाही, सर. धुवायचं नाही. थेंब घालायचे नाहीत."

"मग करायचं काय?"

मला आठवेना. एकोणीस वर्षांत हजारभर वेळा केलेली गोष्ट.

"झाकायचं, बाई, झाकायचं! कडा हाडावर टेकेल आणि डोळ्याला काही लागणार नाही, असं काहीतरी शोध!"

पाण्याच्या टेबलावर कागदी कप होते. एकाचा खालचा भाग कापून मी तो डोळ्यावर ठेवला आणि चिकटपट्टीनं बसवला. कपावर हसरा चेहरा छापलेला होता. दुसरा शोधायला वेळ नव्हता. स्ट्रेचरवरून सर तसेच, हसत हसत, गेले.

भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लंत? "सातला चहा," सर म्हणाले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "नऊ पन्नासला दोन केळी. मी बघितलंय." "केळं म्हणजे काय जेवण आहे?" पण मॅडम ऐकेनात. सहा तास थांबायचं. सर स्वतः अर्धं बिस्किट खाल्लेल्या माणसाला थांबवतात, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. सगळे नुसते बघत राहिले.

त्या सहा तासांत आणखी एक गोष्ट कळली. डोळ्यात बसवलेलं कृत्रिम भिंग जागेवर नव्हतं. कुणीतरी म्हणालं, कोर्टवर पडलं असेल. चौघं गुडघ्यांवर रांगत शोधायला लागले. दोन बटणं सापडली, आणि गेल्या वर्षीच्या सामन्यात हरवलेलं सिस्टरांचं कानातलं. मी चार वाजता डोळा उघडला तेव्हा भिंग पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली गुपचूप बसलेलं होतं. पाच वाजता कुणाला तरी आठवण झाली आणि चौघांना उठवण्यात आलं.

ऑपरेशन मी का केलं? ज्यानं मारलं त्यानंच शिवायचं, हे बरोबर आहे का? दुसरे वरिष्ठ डॉक्टर रजेवर होते. मी सरांना हे विचारलंही. ते म्हणाले, "तुला मी शिकवलंय. चुका होतील त्या निदान माझ्याच असतील."

बाहेर आलेलं आत घातलं, जे घालण्यासारखं नव्हतं ते कापलं. अकरा टाके. शुद्धीवर आल्यावर सरांचं पहिलं वाक्य: "किती?" मी सांगितलं. "मी नऊमध्ये केलं असतं."

एक गोष्ट सातांपैकी कुणालाही सांगितलेली नाही. त्याच सकाळी सरांनी गुरुवारच्या ऑपरेशनच्या यादीतून माझं नाव काढलं होतं. मला राग आला होता. त्यातला किती रॅकेटमध्ये उतरला, ते मला माहीत नाही.


बुधवार, ५ मार्च

सकाळी डोळा तपासला. आत रक्त भरलेलं आहे, मागचं काही दिसत नाही. सोनोग्राफीत डोळ्याच्या तळाचा पडदा जागेवर वाटतो, पण जागेवर असणं आणि काम करणं यात फरक आहे (आमच्या विभागात हे कोणीही सांगेल).

मी भीतभीतच विचारलं, "सर, काही कळतं का?"

"कळतं म्हणजे? समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर दिसतंय. अंधुक आहे, पण प आहे."

मला रडू आलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, शेजारच्या दाराची कडी वाजवून त्यांनाही सांगितलं. सिस्टरांचा चेहरा मात्र तेव्हा विचित्र झाला होता. दाढ दुखत असेल.


गुरुवार, ६ मार्च

दाढ नव्हती. भिंतीला रंग द्यायचा म्हणून तक्ता शनिवारपासून कोठीत आहे. सर ज्या भिंतीकडे बघून प म्हणाले, तिथे एक खिळा आहे.

चाळीस वर्षं त्यांनी तो तक्ता रोज दाखवलाय. त्यांना तो उलटाही म्हणता येईल.

पण त्यांनी असं का करावं? मला वाटतं, माझी परीक्षा घेत असणार. रुग्णाच्या सांगण्यावर भाबडेपणानं विश्वास ठेवते का, हे बघायला. आणि मी ठेवला.


शुक्रवार, ७ मार्च

हे नीट लिहिलं पाहिजे, कारण दिवस मोजून आहेत.

असा फुटलेला डोळा आत तसाच ठेवला, तर कधी कधी शरीर त्याच्यावर चिडतं, आणि चिडताना दोन्ही डोळ्यांत भेद करत नाही. चांगला डोळाही जातो. हे फार क्वचित होतं. म्हणून सरांनीच आम्हाला नियम घालून दिलाय: चौदा दिवसांत त्या डोळ्याला उजेडसुद्धा कळला नाही, तर तो काढायचा. कळला तर ठेवायचा. चौदावा दिवस रविवार, सोळा तारखेला.

सरांचा डावा डोळा आधीच काचबिंदूनं अर्धा आहे. तो गेला तर सगळंच गेलं. त्याच्या थेंबांमुळे बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय आणि कशालाही हलत नाही. त्यामुळे उजव्यावर उजेड टाकून डाव्याच्या बाहुलीवरून करायची, रुग्णाला न विचारता होणारी तपासणीही गेली. विजेवर करतात तिचं यंत्र आमच्याकडे नाही. उरला एकच मार्ग: सरांना विचारणं.

आज बाहेरून ऐकलं, सर काकूंना सांगत होते, "ती पोर रोज तोंड पाडून येते. बघवत नाही." काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. रुग्णासमोर चेहरा प्रसन्न हवा, हे मी विसरलेच होते. घरी आरशासमोर पंधरा मिनिटं सराव केला. नवरा येऊन बघून गेला आणि काही न बोलता दार ओढून घेतलं.


शनिवार, ८ मार्च

प्रसन्न चेहऱ्यानं गेले. सर म्हणाले, "तुला काही होतंय का?"

बोटं दाखवली. दोन. "दोन," सर म्हणाले. तीन. "तीन." एक. "एक." डावा डोळा मी स्वतः झाकला होता. पुन्हा रडू येणार होतं, पण या वेळी आधी सिस्टरांकडे बघितलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नेहमी दोन-तीन-एकच दाखवता."

"मी?"

"सगळेच. सरही तेच दाखवतात. अख्ख्या विभागाचं दोन-तीन-एक आहे."

मला हे माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत एकाही रुग्णाला मी चार बोटं दाखवली नसतील का?

परत आत जाऊन चार दाखवली. सरांनी उशी सारखी केली. मग म्हणाले, "तुझी नखं वाढलीत."


रविवार, ९ मार्च

वाकायचं नाही, जोरानं खोकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, खाटेवरून उगाच उतरायचं नाही, असं सरांना लिहून दिलं होतं. कागद त्यांच्याच हस्ताक्षरातला आहे, आम्ही नुसत्या प्रती काढतो. आज सकाळी सहाला ते पायजम्यावर, डोळ्यावर पत्र्याची जाळी लावून, संपूर्ण वॉर्डाचा राउंड घेऊन आले. दोघांचे थेंब बदलले. खाट क्रमांक चारवरच्या सुताराला त्याचा कागद मागितला, तेव्हा तो म्हणाला, "आधी तुमचा दाखवा."


सोमवार, १० मार्च

खुलासा लिहून सरांकडे दिला. दीड पान. शेवटचं वाक्य: "सदर स्मॅश मारताना माझ्या मनात आपल्याविषयी राग नव्हता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

सरांनी तो डाव्या डोळ्यानं, नाकाला लावून वाचला. मग पेन मागितलं आणि 'स्मॅश' खोडलं. "तो स्मॅश नव्हता. चुकून लागलेलं होतं. तुला स्मॅश येत नाही, उगाच स्वतःचं कौतुक करून घेऊ नकोस." खाली सही केली आणि कागद उशीखाली ठेवला. दुपारी त्यावर संत्र्याची सालं होती.

म्हणजे त्यांनी मला माफ केलं, की माझ्या म्हणण्याला किंमत दिली नाही? दोन्हीही असू शकेल.


मंगळवार, ११ मार्च

अंधारी खोली. टॉर्च. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. सर फटाफट सांगत गेले. उत्तरं ऐकण्याच्या नादात, तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं: सेल घालायचे राहिले होते, टॉर्च लागतच नव्हता.

"उजवीकडे," सर म्हणाले.

म्हणजे बटणाचा टक् असा आवाज ऐकून ते सांगतात, आणि वर-खाली-उजवीकडे-डावीकडे हा क्रम तर त्यांनीच आम्हाला लावलाय. मी न सांगता सेल घातले. सेल मुळात का नव्हते, याचा विचार नंतर करेन. म्हणजे सुरुवातीच्या तीन तपासण्यासुद्धा त्यांनी सेल नसलेल्या टॉर्चवर उत्तीर्ण केल्या.

"सर, तुम्हाला खरंच उजेड दिसतो का?"

"तू लावलास तर दिसेल ना."

दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं म्हटलं, तर आमचे दोन्ही कनिष्ठ सरांच्या हाताखालचे. पलीकडच्या रुग्णालयाचे प्रमुखही सरांचेच विद्यार्थी. त्यांना फोन केला. "कसं तपासाल?" असं विचारलं, तर म्हणाले, "नेहमीसारखं. वर, खाली, उजवीकडे..." मी आभार मानले.


गुरुवार, १३ मार्च

नवरा गणित शिकवतो. म्हणाला, "क्रम तू ठरवूच नकोस. नाणं उडव. छापा आला तर लाव, काटा आला तर नको."

मला हे पटलं. आज अंधाऱ्या खोलीत, एका हातानं सरांचा डावा डोळा झाकून, दुसऱ्या हातात टॉर्च धरून, मी नाणं उडवायला गेले. तिसऱ्या हाताचा विचार दोघांनीही केला नव्हता. नाणं खाटेखाली गेलं. मी गुडघ्यांवर शोधत होते, तेव्हा वरून सर म्हणाले, "उजव्या पायाशी. छापा असावा."

छापाच होता.

उठताना खाटेच्या कडेवर डोकं आपटलं. सर घाबरून म्हणाले, "डोळ्याला नाही ना लागलं?" मी पुन्हा डावा डोळा झाकून टॉर्च लावला, बंद केला. त्यांनी हो-नाही काहीच सांगितलं नाही, फक्त मान थोडी खाली केली. थकले असतील.


शुक्रवार, १४ मार्च

भूलतज्ज्ञ मॅडमना सोमवारी सकाळची वेळ धरून ठेवायला सांगितली. डोळा काढायच्या संमतीचा कागद छापून आणला. खिशात घडी करून ठेवलाय. रुग्ण स्वतः "दिसतं" म्हणतोय आणि मी त्याला अंध धरून चाललेय. आणि मी त्याचं ऐकलं, आणि तो खोटं बोलत असला, तर?

रविवार सुट्टी म्हणून सोमवार धरला. पण नियम चौदा दिवसांचा आहे, पंधरांचा नाही. पुन्हा फोन करून रविवार मागितला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"


शनिवार, १५ मार्च

सकाळी वॉर्डाच्या दारात काकू भेटल्या. हातात डबा. मी त्यांना कधी काही नीट सांगितलंच नव्हतं. सरच सांगत असतील असं धरलं होतं. सर म्हणे रोज "उत्तम चाललंय" एवढंच सांगत. मी सगळं सांगितलं. तक्ता, बोटं, टॉर्च, नाणं, रविवार.

काकूंनी डबा सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. "म्हणजे यांना दिसतं का, हे यांना विचारून कळत नाही?"

"नाही, काकू."

"हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आण तो टॉर्च."

बटणाचा आवाज नको म्हणून टॉर्च सुरूच ठेवायचा, काकूंनी तो तळहातानं झाकायचा आणि मनात येईल तेव्हा, येईल तिथून दाखवायचा. मनात नसेल तर दाखवायचा नाही. वीस वेळा. "कुठल्या क्रमानं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कृपा करून कुठल्याच नाही."

अंधारी खोली. डाव्या डोळ्यावर कापूस, त्यावर पट्टी, त्यावर माझा हात. सिस्टर दाराशी पेन्सिल घेऊन.

"अहो, सांगा," काकू म्हणाल्या.

"दिसतोय. वर."

"टॉर्च माझ्या पदराखाली आहे."

सर खाटेवर सावरून बसले.

"आता?"

"डावीकडे."

"अजून पदराखालीच."

सिस्टर हसल्या आणि ते खोकल्यात घातलं. काकू मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अडतीस वर्षं तुम्ही 'बाहेर जेवून आलो' म्हणून सांगता आणि मी न विचारता ताट वाढते. आज वाढायला माझ्याकडे काही नाही. उपाशी असाल तर उपाशी आहे म्हणा."

माझ्या हाताखालचा कापूस ओला झाला. तो डोळा चांगला आहे, त्याला पाणी यायचं काही वैद्यकीय कारण नव्हतं.

"विचार," सर म्हणाले.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही."

सात वेळा नाही. प्रत्येक वेळी माझा खिशातला कागद मला जास्त जड वाटत होता. मी मनात भूलतज्ज्ञ मॅडमना फोन लावत होते.

"आता?"

उत्तर आलं नाही.

"अहो?"

"थांब. हलवू नकोस... नाही, हलव. खाली. नाकाच्या बाजूला. धुरासारखं काहीतरी."

काकूंनी झाकला. "आता?"

"गेलं."

"आता?"

"आलं. अगं, आलं."

वीस झाले तेव्हा सिस्टरांनी कागद दाखवला. खालून, नाकाच्या बाजूनं काकूंनी पाच वेळा टॉर्च धरला होता, पाचही बरोबर. बाकी कुठूनच नाही. आणि त्या पहिल्या दोन थापा सोडल्या, तर टॉर्च झाकलेला असताना एकदाही "हो" नाही. डोळ्याला उजेड कळतो. एका कोपऱ्यातून का होईना, कळतो. डोळा राहणार.

मी दिवा लावला, डाव्या डोळ्यावरची पट्टी सोडली. "सर, आणि आधी?"

"आधी काळोखच होता. परवा तू खाटेखालून उठून टॉर्च लावलास तेव्हा वाटलं, काहीतरी हललं. पण तोवर इतक्या वेळा हो म्हटलं होतं, की खरंच दिसतंय की पाठ म्हणतोय, हे माझं मलाच कळेना."

"पण का, सर?"

त्यांनी काकूंकडे बघितलं, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे. "तू रोज काय तोंड करून यायचीस, आरशात बघितलंस का कधी?"

बघितलं होतं. पंधरा मिनिटं. आणि तरी काही कळलं नव्हतं.

"आणि दुसरा डोळा गेला असता तर?"

"क्वचित जातो."

यानंतर जे झालं ते मी केलं, हे अजून खरं वाटत नाही. मी ओरडले. सरांवर. क्वचित हा शब्द तुम्ही रुग्णासमोर कुणाला वापरू देता का, म्हणून ओरडले. माझं तोंड पडू नये म्हणून स्वतःचा शेवटचा डोळा पणाला लावायला तुम्हाला मी सांगितलं होतं का, म्हणून ओरडले. दुसरा कुणी रुग्ण असं वागला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात, तेही सरांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. खाट क्रमांक चारवरचा सुतार दारात येऊन उभा राहिला होता.

मी दम घ्यायला थांबले, तर काकू म्हणाल्या, "थांबलीस का? माझ्याही वाटचं बोल."

सर म्हणाले, "चुकलं."

एकोणीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. सिस्टरांनी तर नोकरीच्या सव्वीस वर्षांत नाही. नंतर बघितलं, तर त्यांनी तपासणीच्या कागदावर खाली एक वेगळा रकाना आखला होता: 'चुकलं – १. सकाळी नऊ चाळीस.'

मग काकूंनी डबा उघडला आणि सर निमूट जेवले. चमचा भांड्याच्या कडेला दोनदा आपटला, तिसऱ्यांदा काकूंनी भांडंच थोडं पुढे सरकवलं. आतलं रक्त काढायचं दुसरं ऑपरेशन पुढे लागेल. फार तर हाताची सावली दिसेल. सर आता पुन्हा कुणाच्या डोळ्याला टाका घालणार नाहीत. हे आम्हा तिघींनाही त्याच वेळी कळलं असावं, कारण तिघीही एकदम पाणी आणायला उठलो.

संमतीचा कागद फाडला. मॅडमना फोन करून रविवार परत केला.

उद्या: नऊच्या तपासणीसाठी काकूंना साडेआठलाच बोलावणे.